६१ च्या पोटातून निघालेली दहा अंकी संख्या

उदगीरच्या एका अकरावीतल्या मुलीनं विचारलंय: आमच्या सरांनी सांगितलं, की ज्या वर्गसंख्येला ६१ नं गुणून १ मिळवला तर पुन्हा वर्गसंख्याच येते, अशी सर्वांत लहान संख्या २२६१५३९८० चा वर्ग आहे, आणि मिळणारी वर्गसंख्या १७६६३१९०४९ चा वर्ग आहे. हा दुसरा आकडा मूळ संख्या आहे का? नसेल तर त्याचे अवयव कोणते? त्याचे आणखी काय गुणधर्म आहेत? आणि ६१ सारख्या साध्या संख्येतून एवढं मोठं धूड निघतं कसं? मोबाइलवर अवयव लगेच मिळतात, पण ते तसेच का आले हे कळत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो. ती मूळ संख्या नाही.

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

चारही अवयव मूळ आहेत आणि एकही दोनदा आलेला नाही. एवढं मोबाइलनंही सांगितलं असणार. तुला हवंय ते ‘का’, आणि ते भागाकार करत बसून हाती लागत नाही.

दहा अंकी संख्या समोर आली की आपली लेकरं दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर २, ३, ५, ७ असं भागत सुटतात, नाहीतर अंकांशी खेळायला लागतात: बेरीज करून बघ, उलटी लिहून वजा करून बघ. या दुसऱ्या छंदाला मी नावं ठेवणार नाही. देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६) शाळेत शिकवता शिकवता याच खेळातून ६१७४ शोधून काढली आणि ती जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते. पण एक भान ठेव. अंकांचे गुणधर्म हे बरेचसे आपल्या दशमान पद्धतीचे गुणधर्म असतात. हीच संख्या बाराच्या पद्धतीत लिहिली तर अंकांची बेरीज बदलेल, उलटसुलट केल्यावर निघणारी गंमत बदलेल. अवयव मात्र तेच राहतील.

तरी अंकांकडून दोन गोष्टी फुकटात मिळतात त्या घेऊन टाकू. अंकांची बेरीज ४६, म्हणजे ९ नं भागल्यावर बाकी १; तेव्हा ३ आणि ९ बाद. आणि उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे केलं तर ९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १ = ०, म्हणून ११ नं भाग जातो. सहावीतली कसोटी आहे ही. मोबाइल उघडण्याआधी एवढं तरी करत जा.

पुढं मात्र नुसत्या भागाकारानं दम निघतो. ११ नं भागल्यावर १६०५७४४५९ उरतात. सतरावी मूळ संख्या ५९, तिथं पुन्हा भाग जातो आणि २७२१६०१ उरतात. आता पुढचा अवयव १५२३, आणि ती २४१ वी मूळ संख्या आहे. म्हणजे मधल्या सव्वादोनशे मूळ संख्यांनी भागून पाहायचं आणि प्रत्येक वेळी बाकी उरलेली बघायची. लातूरच्या क्लासमध्ये एका गणिताला जेवढा वेळ देतात तेवढ्यात हे होणं शक्य नाही, आणि दिवसभर वेळ दिला तरी शेवटी हातात चार आकडे येतील, समज काही येणार नाही.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. मोठ्या संख्येच्या बाबतीत मी उलटं सांगेन: आधी तेच विचारायचं. ही संख्या कुठून आली? कशाच्या वर्गातून, कशाच्या गुणाकारातून? संख्या मोठी आहे ही तिच्याबद्दलची सर्वांत बिनकामाची माहिती. ती कशी बनली ही सर्वांत कामाची.

ही बनली भास्कराचार्यांच्या बीजगणितात. १११४ चा त्यांचा जन्म, ११५० चा सिद्धान्तशिरोमणी, आणि बीजगणित त्याचाच एक भाग. तिथं मित्राला उद्देशून दोन उदाहरणं घातली आहेत, एक ६७ चं आणि एक ६१ चं. ६७ चं उत्तर बेताचं आहे: ४८८४२ चा वर्ग हा ५९६७ च्या वर्गाच्या ६७ पटीपेक्षा १ नं जास्त. ६१ चं उत्तर मात्र तुझ्यापुढं आहे. आजूबाजूला बघितलंस तर ६१ चा विक्षिप्तपणा जास्तच जाणवेल. ६० साठी ३१² − ६० × ४² = १. ६२ साठी ६३² − ६२ × ८² = १. दोन्हीकडचे शेजारी दोन अंकी उत्तरावर सुटतात आणि मधल्याला दहा अंक लागतात.

या गणिताला जुन्या ग्रंथांत वर्गप्रकृती म्हणतात. ६१ ही प्रकृती, १७६६३१९०४९ हे ज्येष्ठपद, २२६१५३९८० हे कनिष्ठपद, आणि दोघांच्या हिशेबात उरणारा १ हा क्षेप. रीत चक्रवाल. ती भास्कराचार्यांच्या आधीचीच आहे. १०७३ साली उदयदिवाकरानं जयदेव नावाच्या गणितज्ञाच्या नावावर ती दिलेली आहे. तिच्या मुळाशी असलेला ‘भावना’ हा गुणाकाराचा नियम तर ब्रह्मगुप्ताचा, ६२८ मधला. युरोपात फर्मानं १६५७ मध्ये हेच ६१ आणि त्याच्या जोडीला १०९ आव्हान म्हणून पुढं केले. इंग्लंडच्या ब्राउंकरनं रीत शोधून दिली, ऑयलरच्या गैरसमजातून नाव मात्र पेल या दुसऱ्याच गणितज्ञाचं चिकटलं, आणि उत्तर नेहमी मिळतंच याची सिद्धता लाग्रांजनं १७६८ मध्ये दिली.

आपल्या भागाशी याचा धागा आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. कन्नडहून घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेलं की पाटणादेवी लागते. तिथला १२०७ च्या सुमाराचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालानं दरबारी नेलं आणि नातू चांगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता, असं त्यात आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला चांगदेवानं मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. यादवांची राजधानी देवगिरी. दौलताबादच्या किल्ल्यावर सहलीला नेलेल्या पोरांना आम्ही भुयारी वाट दाखवतो आणि तोफ दाखवतो; पण इथल्या राजाच्या पदरी बीजगणिताचं घराणं होतं, हे कुणी सांगत नाही.

असो. आता रीत. ६१ च्या जवळचा वर्ग ६४, म्हणून सुरुवात अशी:

८² − ६१ × १² = ३

क्षेप ३ आला; आपल्याला १ हवा. चक्रवाल सांगते, की अशी एक संख्या निवड, जी ८ मध्ये मिळवल्यावर ३ नं भाग जाईल आणि जिचा वर्ग ६१ च्या शक्य तेवढा जवळ असेल. भाग जाण्यासाठी १, ४, ७, १० अशा चालतात. ७ चा वर्ग ४९, ६१ पासून १२ नं दूर. १० चा १००, तो ३९ नं दूर. ७ घे. नवं ज्येष्ठ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९. नवं कनिष्ठ (८ + ७) ÷ ३ = ५. नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४.

३९² − ६१ × ५² = −४

पडताळ: १५२१ − १५२५. एकच फेरा झाला आणि खरं म्हणजे काम संपलं, कारण क्षेप −४ आला की पुढं काय करायचं हे ब्रह्मगुप्तानं आधीच सांगून ठेवलंय. √६१ चा कंटिन्यूड फ्रॅक्शन (अपूर्णांकाच्या छेदात पुन्हा अपूर्णांक, अशी साखळी) काढून गेलीस तर ११ पायऱ्यांचं आवर्तन आहे, आणि ते दोनदा फिरवावं लागतं. चक्रवालाची ही उडी मला आजही फार देखणी वाटते.

पुढचा भाग आपण आजच्या भाषेत करू, त्यातच तुझं ‘का’ आहे. दोन संख्या घे:

अ = (३९ + ५√६१) ÷ २, ब = (३९ − ५√६१) ÷ २

यांची बेरीज ३९. गुणाकार (१५२१ − १५२५) ÷ ४ = −१. गुणाकार −१ येणं हीच सगळी किल्ली.

आपल्याला दोन गोष्टी हव्यात: खालचा २ जायला हवा, आणि −१ च्या जागी +१ यायला हवा. अ चा घन केला की २ जातो; करून बघ, २९७१८ + ३८०५√६१ मिळतं, आणि २९७१८² − ६१ × ३८०५² = −१. उणे अजून आहे. त्याचा वर्ग केला की तेही जातं. घनाचा वर्ग म्हणजे सहावा घात. तुझी संख्या म्हणजे अ च्या सहाव्या घातातला √६१ नसलेला भाग, दुसऱ्या शब्दांत अ⁶ + ब⁶ ची निम्मी. आता अ साधारण ३९.०३ आहे आणि ब अगदी बारीक, म्हणून संख्या ३९.०३ च्या सहाव्या घाताच्या निम्मी. ‘धूड कसं निघतं’ याचं उत्तर एवढंच आहे. ६० आणि ६२ यांना मुळात असा दोन अडचणींचा फेरा पडत नाही.

आता अवयव. अ² + ब² = (अ + ब)² − २अब = १५२१ + २ = १५२३. ओळखीची वाटली का? अ² × ब² = १. आणि अ⁶ + ब⁶ म्हणजे अ² आणि ब² यांच्या घनांची बेरीज. दोन घनांच्या बेरजेचं सूत्र तुला पाठ आहे: बेरजेचा घन वजा तीन वेळा गुणाकार गुणिले बेरीज. इथं गुणाकार १ आहे, म्हणून

२ × १७६६३१९०४९ = १५२३³ − ३ × १५२३ = १५२३ × (१५२३² − ३)

१५२३ चा वर्ग २३१९५२९. तीन वजा करून निम्मे केले की ११५९७६३. झालं:

१७६६३१९०४९ = १५२३ × ११५९७६३

२४१ वी मूळ संख्या एकही भागाकार न करता समोर आली. अंबाजोगाईच्या रविवारच्या वर्गात मी हे फळ्यावर करतो तेव्हा इथपर्यंत पोरं शांत बसतात, आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, “सर, पण १५२३ मूळ आहे हे कशावरून?” बरोबर प्रश्न आहे. त्यासाठीही संख्येचं कूळच कामाला येतं.

२९७१८² आणि ६१ × ३८०५² यांचं मूल्य बघ: ८८३१५९५२४ आणि ८८३१५९५२५. लागोपाठच्या दोन संख्या, आणि त्यांची बेरीज म्हणजे तुझी संख्या. म्हणून

१७६६३१९०४९ = १² + २ × २९७१८²

ज्या संख्येला एका वर्गात दुसऱ्या वर्गाची दुप्पट मिळवून लिहिता येतं, आणि त्या दोन वर्गांच्या मुळांत सामाईक अवयव नसतो, तिचा प्रत्येक विषम मूळ अवयव ८ नं भागल्यावर १ किंवा ३ च बाकी ठेवतो. हे जुनं, पक्कं प्रमेय आहे. म्हणजे ५, ७, १३, २३, २९, ३१, ३७ हे भाग न घालताच बाद. १५२३ हा आपल्या संख्येचा विभाजक, तेव्हा त्याच्या मूळ अवयवांनाही हेच बंधन. त्याचं वर्गमूळ ३९ च्या किंचित पुढं. ३९ पर्यंत ८ च्या हिशेबात १ किंवा ३ बाकी ठेवणाऱ्या मूळ संख्या कोणत्या? ३, ११, १७, १९. बाक्या अनुक्रमे २, ५, १०, ३. भाग कुठंच जात नाही. १५२३ मूळ.

११५९७६३ वर तर आणखी कडक बंधन आहे. ती १५२३² − ३ ची निम्मी, म्हणून तिचा मूळ अवयव असा असायला हवा, की त्यानं भागल्यावर एखाद्या वर्गाची बाकी ३ येते. ३ सोडला तर अशा विषम मूळ संख्या १२ नं भागल्यावर १ किंवा ११ बाकी ठेवतात. वरचं ८ चं बंधन आणि हे १२ चं बंधन एकत्र केलं की उरतं एवढंच: २४ नं भागल्यावर बाकी १ किंवा ११. अशा मूळ संख्यांची यादी करायला घे: ११, ५९, ७३, ८३, ९७, १०७…

पहिल्या उमेदवारालाच भाग जातो, १०५४३३ मिळतात. दुसऱ्यालाही जातो, १७८७ मिळतात. आणि १७८७ मूळ आहे हे ठरवायला किती भागाकार? त्याचं वर्गमूळ ४२ च्या आसपास, तिथपर्यंत यादीत ११ सोडून कुणीच नाही. ११ × १६२ = १७८२, बाकी ५. एकच भागाकार, आणि १७८७ मूळ. कागद-पेन्सिलवर, कॅल्क्युलेटरला हात न लावता, दहा अंकी संख्या पुरती फुटली.

बंधन लावून यादी छाटायची ही युक्ती नवी नाही. फर्माला २³² + १ म्हणजे ४२९४९६७२९७ मूळ वाटत होती. तीही दहा अंकीच. ती मूळ नाही हे ऑयलरनं १७३२ मध्ये दाखवलं, आणि तिचा कुठलाही मूळ अवयव ६४ नं भागल्यावर १ च बाकी ठेवेल हे त्यानंच पुढं सिद्ध केलं. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात ६४१ नं भाग गेला.

बाकीचे गुणधर्म आता भराभर. अवयव चार आणि वेगवेगळे, म्हणून विभाजक २ × २ × २ × २ = १६. त्यांची बेरीज १२ × ६० × १५२४ × १७८८ = १९६१९३६६४०; स्वतः संख्या सोडून बाकी विभाजकांची बेरीज जेमतेम १९५६१७५९१, म्हणजे परिपूर्ण संख्येच्या जवळपासही नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या १० × ५८ × १५२२ × १७८६ = १५७६६०९३६०. हे आकडे कुठलंही सॉफ्टवेअर देतं, त्यात रमण्यासारखं फारसं काही नाही.

रमण्यासारखं आहे ते दोन वर्गांच्या बेरजेत. संख्या ४ नं भागल्यावर १ बाकी ठेवते, तेव्हा वरवर पाहता ती दोन वर्गांची बेरीज असायला हरकत नाही. अशा ठिकाणी हुशार पोरंही फसतात. खरी कसोटी अवयवांवर लागते: ४ नं भागल्यावर ३ बाकी ठेवणारा मूळ अवयव सम वेळा यायला हवा. इथं ११, ५९, १५२३, १७८७ चारही जण ३ बाकी ठेवतात आणि प्रत्येक एकदाच येतो. खरं तर चारही जण २४ नं भागल्यावर ११ च बाकी ठेवतात. चार उण्यांचा गुणाकार अधिक होतो तसं झालंय. एकूण बाकी १ दिसते, पण आतून कुणीच लायक नाही. म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येणार नाही.

उलट एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट, या रूपात ती तब्बल आठ प्रकारे बसते. कारण प्रत्येक अवयव तसा लिहिता येतो:

११ = ३² + २ × १², ५९ = ३² + २ × ५², १५२३ = ३९² + २ × १², १७८७ = २७² + २ × २३²

आणि अशा दोन संख्यांचा गुणाकार पुन्हा त्याच रूपात, दोन प्रकारे येतो. हा ब्रह्मगुप्ताच्या भावनेचाच दुसरा अवतार, फक्त ६१ च्या जागी −२. ११ × ५९ = ६४९ घेतलं तर १² + २ × १८² आणि १९² + २ × १२². १५२३ × १७८७ घेतलं तर एक प्रकार १००७² + २ × ९२४². यातलं १² + २ × १८² आणि हे शेवटचं एकमेकांत गुणलं की

१७६६३१९०४९ = ३४२७१² + २ × १७२०२²

पडताळून बघ: ११७४५०१४४१ अधिक ५९१८१७६०८. आधीचा २९७१८ वाला धरून दोन झाले. उरलेले सहा तू काढ.

शेजाऱ्यांकडंही नजर टाक. एक कमी केला तर २ × २९७१८², म्हणजे २³ × ३⁴ × १३² × १२७². एक वाढवला तर २ × ६१ × ३८०५², म्हणजे २ × ५² × ६१ × ७६१². लागोपाठ तीन दहा अंकी संख्या, तिघींचे अवयव हातानं काढता आले, आणि दोन्ही बाजूच्या दोघी अर्ध्याअधिक वर्गांनीच भरलेल्या. अशी जागा संख्यारेषेवर आंधळेपणानं बोट ठेवून सापडत नसते. त्याच नात्यामुळं १७६६३१९०४९ ला २२६१५३९८० नं भागलं तर √६१ ची दशांशानंतरची पहिली १७ स्थळं बरोबर येतात.

एक योगायोगही सांगतो. मघाशी ६४९ आलं ना? ६४९² − १३ × १८०² = १. म्हणजे १३ च्या वर्गप्रकृतीचं सर्वांत लहान ज्येष्ठपद ६४९ आणि कनिष्ठपद १८०. ६१ च्या ज्येष्ठपदाला ६४९ नं भाग जातो, आणि कनिष्ठपदाला १८० नं. मला यामागं काही कारण दिसत नाही. गणितात असं हाताला लागलं की आनंद घ्यावा, पण त्यावरून नियम बांधायला जाऊ नये.

तुझ्या मनात येईल, मग प्रत्येक मोठी संख्या अशी कूळ विचारून फोडता येईल का? नाही. बँकेच्या व्यवहारांत वापरतात त्या आरएसए पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून गुणतात, मुद्दाम असं, की गुणाकाराला कसला इतिहासच राहू नये. अशी २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या २०२० मध्ये फुटली, पण त्यासाठी संगणकांचा मोठा ताफा लावावा लागला. तिथं विचारायला काही नसतं, नुसती मेहनत असते. परीक्षेत आणि ऑलिंपियाडमध्ये येणाऱ्या मोठ्या संख्या मात्र जवळजवळ नेहमी कुठून तरी आलेल्या असतात. प्रश्नात दिलेला घात, क्रमगुणित, एकसारखे अंक, दोन वर्गांतला फरक, हे सगळे त्यांच्या जन्माचे दाखलेच.

आता तुझ्यासाठी काम. फर्मानं ६१ च्या जोडीला दिलेला १०९ घे. २६१² − १०९ × २५² = −४, हे मीच देतो, म्हणजे चक्रवालाचे फेरे वाचतील. २६१² + २ = ६८१२३. वरचीच वाट धरून ज्येष्ठपद काढ. ते पंधरा अंकी, १५८०७०६७१९८६२४९ येईल, आणि त्यात ६८१२३ हा विभाजक हमखास असेल. फक्त इथं ६८१२३ ही १५२३ सारखी मूळ नाही. अकराची कसोटी लाव, आणि एकदा भाग गेला म्हणून थांबू नकोस.